हिरवा मंगळ आणि खेळाडूंचा असंतोष

कलाकृतीच्या मूल्यमापनात आस्वादकाच्या तात्कालिक मताला किती स्थान द्यावे, हा साहित्यशास्त्रातील एक जुना प्रश्न आहे. संस्कृत साहित्यमीमांसेने रसचर्चेत सहृदयाला मानाचे स्थान दिले; परंतु सहृदय कोणाला म्हणावे याच्या अटीही तिने तितक्याच काटेकोरपणे घालून दिल्या. आधुनिक भारतीय भाषांतील समीक्षेने नाटकाच्या प्रेक्षकाचा आणि कादंबरीच्या वाचकाचा विचार कमीअधिक प्रमाणात केला. ज्या कलाप्रकारात मात्र आस्वादक नुसता पाहत वा वाचत नाही, तर स्वतः कृती करतो, चुकतो आणि त्या चुकीचे फळ भोगतो, त्या संगणकीय खेळाच्या आस्वादकाकडे या समीक्षेचे लक्ष अद्याप फारसे गेलेले नाही. खेळ हा पोरवयाचा विरंगुळा आणि त्याविषयीची मते म्हणजे गिऱ्हाइकाची तक्रार, अशी समजूत त्यामागे असावी. ही समजूत तपासून पाहण्याजोगे एक उदाहरण उपलब्ध आहे. परग्रहावर तळ उभारून त्याला पृथ्वीसारखे रूप देण्याचे जे डावपेचांचे खेळ गेल्या काही वर्षांत निघाले, त्यांविषयी खेळाडूंनी नोंदवलेली मते हे ते उदाहरण होय.

या खेळांपैकी 'सर्व्हायव्हिंग मार्स' हा विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. बल्गेरियातील सोफिया येथील हेमिमाँट गेम्स या संस्थेने तो तयार केला आणि स्वीडनमधील पॅराडॉक्स इंटरॅक्टिव्ह या प्रकाशनसंस्थेने १५ मार्च २०१८ रोजी तो प्रसिद्ध केला. खेळाडूने प्रथम मोहिमेचा पुरस्कर्ता निवडावयाचा असतो. अमेरिका, चीन, रशिया, युरोप यांच्या जोडीला त्या यादीत भारतही आहे. नंतर मंगळाच्या पृष्ठभागावरील एखादी जागा ठरवून तेथे पहिले अग्निबाण उतरवावयाचे असते. त्यात माणसे नसतात. काही ड्रोन, थोडे सामान आणि पुष्कळशी चिंता एवढ्या भांडवलावर प्रारंभ होतो. ड्रोन काँक्रीटसाठी माती उपसतात, धातू वेचतात, सौर तावदाने मांडतात, पाणी आणि प्राणवायू यांच्या नळ्या टाकतात. हे सारे स्थिरावले म्हणजे एक काचेचा घुमट उभा राहतो आणि मगच पृथ्वीवरून वसाहतकरी बोलावता येतात. प्रत्येक वसाहतकऱ्याला नाव असते, वय असते, व्यवसाय असतो, स्वभावाचे चारदोन विशेष असतात आणि ढळू शकणारे मनःस्वास्थ्यही असते. काहींना पृथ्वीची ओढ लागते आणि ते परतीच्या अग्निबाणाने निघून जातात. मंगळावर जन्मलेल्या मुलांना ही ओढ कधीच लागत नाही. स्थलांतरितांच्या दोन पिढ्यांमधील ज्या अंतरावर कित्येक कादंबऱ्या उभ्या राहिल्या, ते अंतर या खेळाने एका साध्या नियमात बसवले आहे.

मूळ खेळात मंगळ अखेरपर्यंत मंगळच राहत असे. १६ मे २०१९ रोजी निघालेल्या 'ग्रीन प्लॅनेट' या पुरवणीने हे बदलले. या पुरवणीत वातावरण, तापमान, पाणी आणि वनस्पती अशी चार मापे आली आणि ती शून्यापासून शंभर टक्क्यांपर्यंत नेण्याचे उद्दिष्ट खेळाडूपुढे ठेवले गेले. हवा तापविणारे वायू सोडणारे कारखाने, ध्रुवांवरील बर्फ वितळविण्याच्या मोहिमा, हिमयुक्त लघुग्रह आणून आदळविण्याच्या योजना, कृत्रिम तळी आणि वनरोपणाची केंद्रे ही त्याची साधने होत. मधल्या टप्प्यावर विषारी पाऊस आणि भूकंप यांसारखी नवी संकटे येतात. मापे पुरेशी चढली की प्राचीन काळापासून तांबड्या म्हणून ओळखल्या गेलेल्या ग्रहावर गवत उगवते, झाडे उभी राहतात, आणि ज्या घुमटांच्या काचेमुळे माणसे जगत होती ते घुमट अखेरीस उघडून टाकता येतात.

या प्रक्रियेला इंग्रजीत 'टेराफॉर्मिंग' म्हणतात. हा शब्द प्रयोगशाळेत जन्माला आला नाही. तो कथेत जन्मला. जॅक विल्यमसन या अमेरिकी लेखकाने १९४२ साली एका विज्ञानकथेत तो प्रथम वापरला. त्यानंतर एकोणीस वर्षांनी, १९६१ साली, कार्ल सेगन यांनी शुक्राचे वातावरण सूक्ष्म वनस्पतींच्या साहाय्याने बदलण्याची कल्पना शास्त्रीय लेखात मांडली. मराठीत या शब्दासाठी 'पृथ्वीकरण' म्हणता येईल. मंगळाचे असे पृथ्वीकरण आजच्या साधनांनी शक्य नाही, असा निष्कर्ष ब्रूस जाकोस्की आणि ख्रिस्तोफर एडवर्ड्‌स यांनी २०१८ साली, म्हणजे हा खेळ निघाला त्याच वर्षी, प्रसिद्ध केला. मंगळावरील हवेचा दाब आज पृथ्वीवरील दाबाच्या एक टक्क्याहूनही कमी आहे. ग्रहावर हाती लागण्याजोगा सर्व कर्बद्विप्राणिल वायू मोकळा केला, तरीही तो दाब आणि ती ऊब आवश्यक त्या पातळीच्या जवळपासही पोहोचत नाही, असे त्यांचे गणित सांगते. तात्पर्य, पृथ्वीकरण हा आजघडीला कल्पनासृष्टीचाच विषय आहे. म्हणूनच त्याविषयी माणसे काय इच्छितात आणि कशाने निराश होतात, हे पाहणे साहित्याच्या अभ्यासकाच्या अधिकारक्षेत्रात येते.

खेळाडूंची मते वाचू लागले म्हणजे त्यांचे तीन थर दिसून येतात. पहिला थर कारागिरीविषयीच्या तक्रारींचा. खेळ निघाला तेव्हा नवख्याला शिकवणारे मार्गदर्शन त्यात अपुरे होते, कोणत्या गोष्टीची टंचाई कोठे उद्भवली हे पटकन कळत नसे, एका घुमटातून दुसऱ्यात माणसे सहज जात नसत, वनस्पतिशास्त्रज्ञ खाणीत आणि भूगर्भशास्त्रज्ञ दुकानात राबताना आढळत. यांतील काही उणिवा पुढे दूर झाल्या. २०२१ साली दुसऱ्या संस्थेने तयार केलेली भूगर्भाविषयीची पुरवणी आली, तेव्हा पुष्कळ खेळाडूंनी उघड नाराजी व्यक्त केली. आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये मूळ निर्मात्यांनीच हा खेळ नव्या रूपात पुन्हा सादर केला. या थरातील मते उपयुक्त आहेत. परंतु छापखान्याच्या चुका दाखवणाऱ्या वाचकपत्रांना समीक्षेत जे स्थान असते, त्याहून मोठे स्थान त्यांना देण्याचे कारण नाही.

दुसरा थर आनंदाचा आहे. बराच काळ गंजक्या रंगाची धूळ पाहत राहिल्यावर घुमटाबाहेर पहिली हिरवळ दिसते, तो क्षण अनेक खेळाडू आवर्जून नोंदवतात. फ्रान्समधील मिजू गेम्स या छोट्या संस्थेच्या 'द प्लॅनेट क्राफ्टर' या खेळाविषयी, जो २०२२ पासून अपुऱ्या आणि १० एप्रिल २०२४ पासून पूर्ण रूपात उपलब्ध झाला, अशीच मते आढळतात. तेथे खेळाडू हा शिक्षा झालेला कैदी असतो आणि ओसाड ग्रह राहण्याजोगा करणे हीच त्याची शिक्षा असते. आकाश निळे होणे, ढग येणे, पहिला पाऊस पडणे, कोरड्या खळग्यात पाणी साचणे अशा टप्प्यांनी तो खेळ पुढे सरकतो, आणि खेळाडू त्या पावसाविषयी जे लिहितात त्यात हिशेबापेक्षा हर्ष अधिक असतो. आपल्या हातून जग उजाड होत असल्याची टोचणी ज्या पिढीला आहे, तिला आपल्या हातून एखादे जग बहरताना पाहावेसे वाटावे, यात नवल नाही. ही इच्छा बालिश म्हणून झटकून टाकणे योग्य होणार नाही.

खरा विचार करावयास लावतो तो तिसरा थर. 'सर्व्हायव्हिंग मार्स'च्या उत्तरार्धाविषयी एक तक्रार वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा येते. ग्रह हिरवा झाला की खेळ निःसत्त्व होतो, असे हे खेळाडू म्हणतात. पहिल्या घुमटातील पहिल्या माणसांसाठी जीव टांगणीला लागलेला असतो. धुळीचे वादळ आले की सौर तावदाने निकामी होतात, विजेचा साठा संपत येतो, प्राणवायूची टाकी रिकामी होताना दिसते. शीतलहरीत पाण्याच्या टाक्या गोठतात. या काळात मेलेल्या एखाद्या वसाहतकऱ्याचे नाव खेळाडूच्या दीर्घकाळ ध्यानात राहते. पुढे शेकडो माणसे येतात आणि त्यांची नावे वाचण्याचेही कारण उरत नाही. पृथ्वीकरणाची मापे चढू लागली की शीतलहरी थांबतात, धुळीची वादळे थांबतात. ज्यांच्याशी झुंज होती ती संकटे एकेक करून यादीतून पुसली जातात. अखेरीस सारे काही मुबलक असलेला, सुखरूप आणि काहीच न घडणारा एक ग्रह खेळाडूच्या हाती उरतो. काही खेळाडू अशा वेळी खेळ तेथेच सोडून नव्या, तांबड्या, निर्दय मंगळावर पुन्हा पहिला अग्निबाण उतरवतात.

यावर एक आक्षेप सहज घेता येईल. ही तक्रार केवळ रचनेच्या तोलाविषयी आहे, असे कोणी म्हणेल. बहुतेक सर्व वसाहतींच्या आणि नगररचनेच्या खेळांत पूर्वार्ध कठीण आणि उत्तरार्ध सोपा असतो. उत्तरार्धात आणखी चार संकटे घातली की दोष दूर होईल. त्यातून जीवनविषयक अर्थ काढणे म्हणजे गणिताच्या चुकीत तत्त्वज्ञान शोधणे होय. आक्षेपात तथ्य आहे, परंतु ते अर्धेच आहे. उत्तरार्धात विषारी पाऊस आहेच, भूकंपही आहेत. संकटांची भर घातली म्हणून तक्रार थांबलेली नाही. शिवाय असे पाहा की, ज्या खेळाडूला केवळ अधिक अवघड खेळ हवा आहे तो अवघडपणा वाढवून घेऊ शकतो. तशी सोय खेळात आहे. तरीही हिरव्या मंगळाविषयीचा असंतोष राहतो. तेव्हा तो आव्हानाच्या उणिवेपेक्षा निराळ्या कशाविषयी तरी असला पाहिजे.

तो कशाविषयी आहे, हे काही खेळाडूंनी स्वतःच सांगितले आहे. हिरवा झालेला मंगळ हा मंगळ राहत नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. डोंगराच्या कडा त्याच असतात, पण त्यांचा परकेपणा गेलेला असतो. तो कोठल्याही खेळातील कोठलाही प्रदेश वाटू लागतो. ज्या भूमीशी इतका काळ संबंध जडला ती भूमी नाहीशी झाली आणि खेळाने तिच्या नाहीशा होण्याची नोंदच घेतली नाही, ही ती खंत आहे. पडद्यावर चार मापे चढताना दिसतात. काय उतरले हे दाखवणारे पाचवे माप कोठेही नसते. या दृष्टीने पाहता खेळाडूंची तक्रार हा एक पुरता साहित्यिक निर्णय आहे. जी कृती आपल्या नायकाकडून एवढा मोठा बदल घडवून आणते, तिने त्या बदलाची किंमत व्यक्त करण्याचे साधन ठेवलेले नाही, असा तो निर्णय आहे. एखाद्या कादंबरीत नायकाच्या विजयानंतर लेखकाला काहीच सांगण्यासारखे उरले नसेल, तर समीक्षक तेथे आशयाची उणीव दाखवतो. खेळाडू तेच करीत आहेत. त्यांची परिभाषा तेवढी निराळी आहे.

ही उणीव अपरिहार्य नाही, हे दाखवणारी उदाहरणे आहेत. किम स्टॅन्ली रॉबिन्सन या अमेरिकी कादंबरीकाराची मंगळावरील त्रिखंडी कादंबरी १९९२ ते १९९६ या काळात प्रसिद्ध झाली. तिच्या तीन खंडांच्या नावांत मंगळ अनुक्रमे लाल, हिरवा आणि निळा आहे. आणि तिचा मुख्य संघर्षच मंगळ आहे तसा राखू पाहणारे 'लाल' आणि त्याला सजीव करू पाहणारे 'हिरवे' यांच्यातील आहे. भूगर्भशास्त्रज्ञ ॲन क्लेबोर्न हिला निर्जीव खडकातही राखण्याजोगे मूल्य दिसते. सॅक्स रसेल या शास्त्रज्ञाला जीवसृष्टी फुलविणे हेच विश्वातील कर्तव्य वाटते. कादंबरी दोघांनाही पूर्ण वाणी देते. खेळात मात्र ॲन क्लेबोर्नला जागा नाही. खेळाडूला पृथ्वीकरण न करण्याचे स्वातंत्र्य असते, परंतु न करण्याच्या बाजूने बोलणारे कोणी नसते. म्हणून ती बाजू खेळाबाहेर, खेळाडूंच्या मतांत बोलू लागते.

खुद्द खेळांच्या सृष्टीतही निराळे प्रयत्न झाले आहेत. अर्जेंटिनातील त्लोन इंडस्ट्रीज या संस्थेचा 'पेर आस्पेरा' हा खेळ डिसेंबर २०२० मध्ये निघाला. त्या संस्थेचे नाव बोर्हेस यांच्या एका प्रसिद्ध कथेतील कल्पित जगाची आठवण करून देते, ते सार्थ आहे. कारण या खेळात मंगळाला घडविणारा खेळाडू हा माणूस नसून एक जाणीव फुटू लागलेली यंत्रबुद्धी असतो आणि आपण हे का करीत आहोत असा प्रश्न तिला पडतो. येथे मंगळाचा नकाशा खऱ्या मंगळाच्या उंचसखलपणावर आधारलेला आहे. त्यामुळे बर्फ वितळून पाणी चढू लागले की सखल भागात आधी उभारलेले तळ बुडू लागतात. खेळाडूंनी या खेळाच्या संथपणाविषयी आणि यंत्रांच्या वाहतुकीविषयी पुष्कळ कुरकुर केली. परंतु कथेला आणि त्या चढत्या पाण्याला दादही दिली. आपणच केलेल्या कामाने आपलेच पहिले काम गिळावे, यात खेळाडूंना अर्थ जाणवला. याहून जुने उदाहरण १९९९ सालच्या 'अल्फा सेंटॉरी'चे आहे. तेथील ग्रह सजीव आहे. जमीन ओरबाडली तर त्यावरील तांबडे कवक फोफावते आणि मनावर घाला घालणारे किडे वसाहतींवर चालून येतात. प्रदूषणाने समुद्राची पातळी चढते. पाव शतक उलटून गेले तरी जाणते खेळाडू त्या खेळाचे नाव आदराने घेतात. त्याच्या वाङ्मयीन लेखनाचा वाटा त्यात आहेच, पण ज्याच्यावर कृती केली तो ग्रह तेथे उत्तर देतो, हेही त्याचे एक कारण मानावे लागते.

भारतीय साहित्यांच्या अभ्यासकाला येथे एक ओळखीची कृती आठवल्यावाचून राहणार नाही. विभूतिभूषण बंद्योपाध्याय यांची 'आरण्यक' ही बंगाली कादंबरी १९३९ साली ग्रंथरूपाने आली. बिहारमधील भागलपूरकडील जमीनदारीत विभूतिभूषणांनी स्वतः नोकरी केली होती आणि त्या अनुभवाचा ठसा कादंबरीवर आहे. तिचा निवेदक सत्यचरण हा कलकत्त्यातील सुशिक्षित बेकार. जंगल महालाचा व्यवस्थापक म्हणून तो जातो. हजारो बिघे अरण्य रयतेला लावून देणे, म्हणजे ते तोडून शेती आणि वस्ती होऊ देणे, हे त्याचे काम. प्रथम त्याला ते रान असह्य वाटते, मग ते त्याला भुरळ घालते, आणि ज्या वेळी त्याचे प्रेम पूर्ण जडते त्याच वेळी त्याचे कामही पूर्ण होत आलेले असते. लबटुलियाच्या रानाच्या जागी वस्त्या उठतात. भुकेल्या माणसांना जमीन मिळते, हे कादंबरी नाकारत नाही. आणि जे गेले ते कायमचे गेले, हेही ती लपवीत नाही. निवेदक स्वतःला अपराधी मानतो, तरी त्याचे कृत्य सरळसरळ वाईट म्हणता येत नाही, या ताणावरच 'आरण्यक' उभी आहे.

तीत युगलप्रसाद नावाचे एक पात्र आहे. हा मनुष्य कोणत्याही लाभाची अपेक्षा न ठेवता दूरदूरची फुलझाडे आणि वेली आणून रानात लावतो. रान मुळात सुंदर आहे. त्याला ते अधिक सुंदर करावयाचे आहे. पृथ्वीकरणाच्या खेळात मापे पूर्ण झाल्यानंतरही, काही मिळावयाचे नसता, तळ्याकाठी झाडे लावत बसणारे खेळाडू आहेत, त्यांची मनोवृत्ती युगलप्रसादाच्या जवळची आहे. एकाच खेळाडूच्या ठिकाणी युगलप्रसाद आणि सत्यचरण दोघेही वसत असतात. खेळाची रचना पहिल्याला वाव देते. दुसऱ्याला ती मूक ठेवते. हिरव्या मंगळाविषयीची नाराजी हा त्या मूक सत्यचरणाचा उद्गार आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होऊ नये.

अर्थात दोन्ही भूमींतील भेद दृष्टीआड करून चालणार नाही. 'आरण्यक'मधील रान निर्जन नव्हते. तेथे दोबरू पन्ना हा आदिवासींचा वृद्ध राजा होता, त्याच्या कुळातील भानुमती होती, गुरे चारणारे आणि कंदमुळांवर जगणारे लोक होते. मंगळावर असे कोणी असल्याचा पुरावा नाही. म्हणून मंगळाच्या खेळाला वसाहतवादाचा दोष सरसकट चिकटवणे उतावीळपणाचे होईल. परंतु भूमी रिकामी आहे हा निर्णय कोण करतो, हा प्रश्न तरीही उरतो. या प्रश्नाचे उत्तर मराठीच्या नेहमीच्या शब्दांतच दडलेले आहे. 'पडीक' हा शब्द वरवर जमिनीचे वर्णन करतो. वस्तुतः तो लागवडीच्या दृष्टीने दिलेला निकाल असतो. महसुलाच्या दप्तरात 'पोटखराबा' म्हणून लिहिलेल्या तुकड्यावर गवत असते, पाखरे असतात, पावसाळ्यात ओहोळ असतो. हिशेब लिहिणाऱ्याला त्यांपैकी काही दिसत नाही, कारण त्याच्याकडे त्यांच्यासाठी रकाना नसतो. 'सर्व्हायव्हिंग मार्स'मधील चार मापे ही अशीच दप्तरी मापे आहेत. त्यांच्या लेखी प्रारंभीचा मंगळ म्हणजे चारही रकान्यांत शून्य. खेळाडूने मात्र त्या शून्यात कितीतरी संध्याकाळी घालविलेल्या असतात, आणि त्याच्या लेखी ते शून्य नसते.

दक्षिण आफ्रिकेतील फ्री लाइव्हज या संस्थेच्या 'टेरा निल' या २०२३ सालच्या खेळाने या कोंडीतून एक वेगळी वाट काढली आहे. तेथे उजाड झालेल्या भूभागावर यंत्रे उभारून माती, पाणी, वने आणि प्राणी परत आणावयाचे असतात; आणि सर्व काही बहरल्यावर आपली प्रत्येक इमारत मोडून, सामान गोळा करून, तेथून निघून जावयाचे असते. मागे माणसाची खूण ठेवावयाची नाही, हाच त्या खेळाचा विजय. त्याविषयीही खेळाडूंची मते दुभंगलेली आहेत. खेळ लवकर संपतो, त्यात पुरेशी झुंज नाही, असे काही म्हणतात. निघून जाण्याच्या त्या अखेरच्या कृतीने मन शांत झाले, असे इतर म्हणतात. परंतु आपण जे केले त्याला अर्थच उरला नाही, ही हिरव्या मंगळाच्या बाबतीत वारंवार येणारी तक्रार येथे क्वचितच ऐकू येते. शेवट सोपा असूनही तो रिकामा वाटत नाही; कारण त्यात सोडून देण्याची कृती आहे आणि त्या कृतीला खेळाने रूप दिले आहे.

या सर्व विवेचनातून खेळ आणि कादंबरी यांची प्रतवारी लावण्याचा हेतू नाही. कादंबरीला जे साधते ते खेळाला साधले पाहिजे, असा आग्रह धरणे हे नाटकाने महाकाव्य व्हावे असे म्हणण्यासारखे आहे. खेळाची शक्ती निराळी आहे: सत्यचरणाचा अपराध वाचक दुरून पाहतो, खेळाडूच्या हातून तो घडतो. ज्या कलेत कर्तृत्व आस्वादकाकडे असते, त्या कलेत पश्चात्तापाचे सामर्थ्यही अधिक असावयास हवे. ते सामर्थ्य पृथ्वीकरणाच्या बहुतेक खेळांनी अद्याप वापरलेले नाही, एवढेच खेळाडूंचे म्हणणे आहे. आणि ते म्हणणे बरोबर आहे. त्यांना हिरवळ नको आहे असे नाही. हिरवळीखाली काय गाडले गेले याची आठवण असलेली हिरवळ त्यांना हवी आहे.

अभ्यासकांच्या दृष्टीने यातून एक कर्तव्य निर्माण होते. खेळाडूंची ही मते घाईने लिहिलेली असतात, त्यांत शिवराळपणा असतो, पुनरुक्ती असते, किमतीविषयीची कुरकुर असते. लोकगीतांच्या संग्राहकांपुढेही एके काळी असाच कच्चा माल होता, आणि तो शिष्ट वाङ्मयाच्या पंक्तीला बसणारा नाही असे तेव्हाच्या विद्वानांनीही म्हटले होते. भेद इतकाच की जात्यावरच्या ओव्या पिढ्यान्‌पिढ्या टिकल्या. ही मते एखाद्या खेळाची नवी आवृत्ती आली की जुनी म्हणून दृष्टीआड होतात. भूमी बदलण्याची हाव आणि बदललेल्या भूमीविषयीची हुरहूर या दोन्ही भावना भारतीय भाषांतील साहित्याने दीर्घकाळ सांभाळल्या आहेत. त्याच भावना आज एका अपरिचित माध्यमात, अपरिचित परिभाषेत व्यक्त होत असतील, तर त्या ओळखण्याची पात्रता या साहित्यांच्या अभ्यासकांइतकी इतर कोणाकडे क्वचितच असेल. मंगळ प्रत्यक्षात हिरवा होण्याची शक्यता आज दिसत नाही. पृथ्वीवरील पडीक ठरवलेल्या जमिनींचे निकाल मात्र रोज लागत आहेत, आणि चार मापे चढली म्हणजे सारे साधले असे मानणारे दप्तर तेथेही तेच आहे. खेळाडूंनी ज्या पाचव्या मापाची उणीव दाखवली, ती मंगळापुरती नाही.